चौघांच्या बोटीवर निघालेल्या पोरीला

कोल्हापूर

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद.

पत्रास कारण की, परवा रंकाळ्यावर तू एका दमात सांगून टाकलंस, "काका, डिसेंबरात मी जातो. ग्रेनेडाला. बोटीवर. पाच महिने." आणि मी नुसतं "जा" म्हणालो. घरी आल्यावर वाटलं, एवढ्यावर पोरीला सोडणं बरं नव्हे. समोर बसून बोलताना माझं निम्मं राहून जातं, म्हणून लिहितो.

आधी मनातली भीती सांगतो. तुम्ही चौघं मित्रमंडळी शिडाच्या बोटीने बेटाबेटांतून फिरताना बुडाल ही भीती मला नाही. ऋतू बरोबर निवडला आहे. तिकडची, म्हणजे कॅरिबियन समुद्रातली, चक्रीवादळं १ जून ते ३० नोव्हेंबर या काळात येतात आणि तुम्ही त्याआधी परतणार. डिसेंबर-जानेवारीत पूर्वेकडचे वारे जोर धरतात, तिथले लोक त्यांना ख्रिसमसचे वारे म्हणतात. दोन बेटांमधली खाडी अटलांटिकला उघडी असते, तिथे बोट चांगली आदळते. बेटाच्या आडोशाला गेलात की पाणी परत तळ्यासारखं. हे सगळं शिकता येतं. मला भीती आहे ती तुमच्या मैत्रीची.

चाळीस फुटी बोट ऐकायला मोठी वाटते. प्रत्यक्षात आपल्या जुन्या घराचा सोपा आणि माजघर धरलं तर तेवढीच जागा, आणि त्यातही निम्म्या ठिकाणी वाकून चालायचं. जमिनीवर मैत्री टिकते त्यात अंतराचा मोठा हात असतो. कट्ट्यावर भांडलो तरी आपण आपापल्या घरी जातो, झोपतो, सकाळपर्यंत राग उतरलेला असतो. बोटीवर ज्याच्यावर रागावलीस त्याचं घोरणं पातळ फळीपलीकडून रात्रभर ऐकू येतं, आणि सकाळी चहाचं भांडंही त्याच्याच हातात असतं.

माझी एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. मालवाहू जहाजांच्या इंजिन-रूममध्ये आयुष्य काढून घरी परतल्यावर आम्ही चार मित्रांनी मिळून याच बेटांत एक हंगाम काढला. बोटीची पाण्याची टाकी ४०० लिटरची. माणशी रोज १२ लिटर ठरलं होतं, म्हणजे आठेक दिवस पुरणार. आमच्यातला एकजण पोहून वर आला की दर वेळी गोड्या पाण्याने पाय धुवायचा, आणि चांगले निवांत धुवायचा. नळ सोडला की पंप घुर्र वाजतो. मी खाली पडल्या पडल्या तो आवाज मोजायचो. एकोणीस दिवस मोजला आणि एक शब्द बोललो नाही. विसाव्या दिवशी डॉमिनिकात, पोर्ट्समथच्या खाडीत, कांदा जाड चिरला एवढ्यावरून मी त्याला नको ते बोललो. दुसऱ्या दिवशी त्याने पिशवी भरली आणि विमान धरून घरी गेला.

त्याला मधुमेह होता. पायाला जखम होऊ द्यायची नाही, पाय स्वच्छ ठेवायचे, असं डॉक्टरांनी त्याला बजावलेलं होतं. आम्ही त्याला न्यायला नको म्हणू, या भीतीने त्याने ते आमच्यापासून लपवलं. मला हे कळायला सहा महिने गेले. आता लग्नाकार्यात भेटतो, बोलतो, जेवतो शेजारी बसून. पण त्या बोटीचा विषय दोघंही काढत नाही.

म्हणून तुझ्याकडून मला दोन गोष्टी हव्या आहेत. निघायच्या आधी चौघांनी आपलं दुखणंखुपणं एकमेकांना सांगायचं. औषध कुठलं, किती दिवसांचं, कशाची ॲलर्जी, रात्री भीती वाटते का, सगळं. आणि बोटीवर रोज संध्याकाळी नांगर टाकला की दहा मिनिटं एकत्र बसायचं. उद्याचा वारा, पाणी किती उरलं, आणि कुणाला काय खुपलं. खुपलेलं त्याच दिवशी बोलायचं, लहान असतानाच.

तुझे आजोबा तालमीत राहिलेले. पंधरा-वीस पोरं एका छपराखाली, एकच चूल, एकच हौद, पहाटे चारला उठणं. तरी तिथे वर्षानुवर्षं निभतं, कारण वस्तादाचा शब्द शेवटचा असतो आणि प्रत्येकाचं काम ठरलेलं असतं. बोटीवरही एक वस्ताद लागतो. बोट ज्याची आहे तोच कप्तान असला पाहिजे असं नाही. ज्याला जास्त येतं तो कप्तान असावा. हे आत्ताच, कोल्हापुरात बसून, तोंडावर ठरवा. शीड वर असताना त्याचं ऐकायचं, वाद किनाऱ्यावर गेल्यावर. मात्र उलट बाजूनेही एक नियम हवा. चौघांतल्या कुणीही "आज नको" म्हटलं की त्या दिवशी निघायचं नाही, आणि त्याला कारण विचारायचं नाही. भित्रा ठरू या लाजेने माणूस गप्प बसतो आणि मग सगळेच खाडीत लाटा खातात. आम्ही एकदा खाल्ल्या, सेंट लुशिया आणि सेंट व्हिन्सेंटच्या मध्ये, निव्वळ कुणी आधी बोलायचं या संकोचापायी.

पैशाचंही लिहून ठेवा. बोटीचं शीड फाटलं, इंजिन बिघडलं तर तो खर्च मालकाचा. जेवण, डिझेल, बंदराची फी सामाईक डब्यातून. तोंडी ठरलेलं प्रत्येकाला वेगळं आठवतं.

आणि तारखा. आईला भेटायला बोलवणार आहेस, चांगलं आहे. पण तिला एक तर तारीख सांग, नाही तर बेट सांग. अमुक दिवशी अमुक बेटावर असेन असं कबूल केलंस, की तो शब्द पाळायला तू नको त्या वाऱ्यात निघशील. चांगली बोट वारा बरा असेल तर तासाला पाच सागरी मैल चालते. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. अख्खा दिवस आणि अख्खी रात्र चालून झाले १२० मैल, साधारण कोल्हापूर ते पुणे. आपली एसटी हे अंतर किती वेळात तोडते ते आठव, म्हणजे घाई करून काही हाती लागत नाही हे पटेल.

स्वयंपाकघरात तुला मजा येईल. तिथली शेगडी झुलती असते, बोट कलली तरी भांडं सरळ राहतं. तरी प्रेशर कुकर घेऊन जा. झाकण बसलेलं असतं, डाळभात सांडत नाही, गॅस आणि पाणी दोन्ही वाचतं. तिकडच्या लोकांना आमच्या कुकरचं फार अप्रूप वाटायचं, शिट्टी झाली की शेजारच्या बोटीवरून माना वळायच्या. कांदा-लसूण मसाल्याची बरणी घट्ट झाकणाची घे, दमट हवेत मसाला दगड होतो. भडंग भरपूर ने, बोट लागली की पोटात दुसरं काही राहत नाही. बटाटे समुद्राच्या पाण्यात उकड. भातात चार वाट्यांना एक वाटी समुद्राचं पाणी घातलं की मीठ वेगळं लागत नाही, पण बंदरातलं पाणी कधी वापरू नकोस. भांडी खाऱ्या पाण्याने घासायची, गोड्याने फक्त शेवटचा हात. बाजारातून आणलेले पुठ्ठ्याचे खोके बोटीवर चढवायचे नाहीत, त्यांच्या घड्यांत झुरळांची अंडी असतात आणि एकदा झुरळ आलं की हंगामभर जात नाही. गॅसचा नळ प्रत्येक वेळी सिलिंडरपाशीच बंद करायचा. हा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर बोटीच्या तळाशी साठतो आणि वास येईपर्यंत उशीर झालेला असतो. याबाबतीत कुणी कंटाळा केला तर त्याला रागावायची तुला माझी परवानगी आहे.

प्रवाळाच्या आसपास मोठा मासा गळाला लागला की उड्या मारू नका. तिथल्या बराकुडा, हेकरू यांसारख्या माशांत एक विष साठतं. ते ना चवीला कळतं, ना शिजवून जातं. गावातल्या कोळ्याला विचारल्याशिवाय खायचं नाही. किनाऱ्यावर मँचिनील नावाचं झाड असतं, लहान हिरव्या सफरचंदासारखी फळं येतात. आपल्या बिब्ब्यासारखं समज. चीक लागला की फोड येतात, आणि पावसात त्याच्या खाली उभं राहिलं तरी.

नांगर शांतपणे टाकायला शिक. पाण्याची खोली पाच मीटर असेल आणि बोटीचं पुढचं टोक पाण्यापासून एक मीटर वर, तर हिशोब सहाचा धरायचा. त्याच्या पाचपट म्हणजे ३० मीटर साखळी, वारा वाढणार असेल तर सातपट, ४२. बाजूच्या बोटी जवळ आहेत म्हणून कमी साखळी सोडायची नाही, दुसरी जागा शोधायची. नांगर नेहमी वाळूत टाकायचा. प्रवाळावर टाकला तर शेकडो वर्षं वाढलेलं एका खरवडीत जातं, आणि नांगरही नीट धरत नाही. टाकल्यावर इंजिन मागे चालवून ओढून बघायचं आणि मग गॉगल लावून पाण्यात उतरून, बोट कशाला धरून आहे ते डोळ्यांनी बघायचं. टोबॅगो केज नावाच्या चिमुकल्या बेटांजवळच्या प्रवाळांत शिरताना सकाळी दहा ते दुपारी दोनच्या मध्येच शीर, सूर्य डोक्यावर किंवा पाठीशी हवा. फिकट निळं म्हणजे वाळू, गडद निळं म्हणजे खोल, आणि तपकिरी दिसलं की लांब राहायचं. दुपारी चारला तेच पाणी नुसतं चांदीसारखं चमकतं आणि काही म्हणजे काही दिसत नाही.

ग्रेनेडाच्या उत्तरेला कॅरियाकू आणि युनियन बेटावर थांबाल तेव्हा एक लक्षात ठेव. १ जुलै २०२४ ला बेरिल नावाचं वादळ त्यांच्यावरून गेलं, बहुतेक घरांची छपरं गेली. २०१९ ला पंचगंगा घरात शिरली तेव्हा तू लहान होतीस, पण माडीवर काढलेले ते दिवस विसरली नसशील. चहूकडे पाणी आणि नळ कोरडा. नंतर फोटो काढायला आलेली माणसंही आठवतील. तेव्हा तिथे पडक्या घरांचे फोटो काढू नका. भाजी, पाव, मासे गावातल्याच माणसांकडून घ्या, घासाघीस न करता, आणि कुणी स्वतःहून सांगायला लागलं तर बसून ऐका.

कागदपत्रांचं थोडक्यात. जवळपास प्रत्येक टप्पा वेगळा देश आहे. पोचलात की पिवळा झेंडा चढवायचा, कप्तान सगळ्यांचे पासपोर्ट घेऊन किनाऱ्यावर जाईपर्यंत बाकीच्यांनी उतरायचं नाही. मार्टिनिक आणि ग्वाडेलूप फ्रान्सची असली तरी शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपच्या सामाईक व्हिसात, येत नाहीत, त्यांच्यासाठी व्हिसा वेगळा बघावा लागतो. त्याला आत्ताच लाग. आणि नोव्हेंबरच्या आत मालवणला किंवा रत्नागिरीला जाऊन एखाद्या तांडेलाबरोबर एक रात्र समुद्रात काढ. बोट लागते का, लागली तर किती तासांनी उतरते, हे तिकडे जाऊन कळण्यात अर्थ नाही.

रात्रीच्या पहाऱ्याबद्दल मात्र निवांत लिहायचं आहे. बाकीचे तिघं झोपलेले असतात आणि तीन तास बोट तुझ्या एकटीच्या हातात असते. पट्टा बोटीला अडकवल्याशिवाय वर यायचं नाही, लघवीला जायचं असलं तरी. दर दहा मिनिटांनी उभं राहून चहूकडे नजर फिरवायची. उरलेला वेळ तुझा. मला त्या तासांत माझे वडील जेवढे आठवले तेवढे घरात राहून कधी आठवले नाहीत.

त्या वेळी उत्तरेला ध्रुव शोध. हात लांब करून मूठ धरली की साधारण १० अंश होतात. ध्रुव क्षितिजापासून जितके अंश वर, तेवढा आपला अक्षांश. ग्रेनेडाला तो जेमतेम सव्वा मूठ असेल, ढगांत सापडायचाही नाही. तुम्ही एकेक बेट उत्तरेला सरकाल तसा तो वर चढत जाईल. ग्वाडेलूपच्या पुढे माँट्सेराट लागतं. तिथला ज्वालामुखी १९९५ मध्ये जागा झाला आणि प्लिमथ ही अख्खी राजधानी राखेखाली गेली. दक्षिणेकडे जायला बंदी असते, बोटी उत्तरेच्या लिटल बे मध्ये थांबतात. ते बेट आणि आपलं कोल्हापूर जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, पावणेसतराच्या आसपास. लिटल बेमध्ये डेकवर उताणा पडून मी मूठ धरली तेव्हा ध्रुव बरोबर तिथे होता, जिथे तो पन्हाळ्यावरून दिसतो. घड्याळं साडेनऊ तास लांब, आणि तो मात्र तिथेच. शेजारी आम्ही तिघंच होतो. चौथ्याला दाखवायचं राहून गेलं.

तर या रविवारी चौघंही घरी या. तांबडा-पांढरा मी करणार नाही, तुम्ही करायचा. एक शेगडी आणि मोजून दोन कळशा पाणी देईन, भांडी त्यातच घासायची. मी सोप्यात बसून असेन. मसाल्याची बरणी भरून ठेवली आहे, ती जाताना ने.

तुझा,
काका