परदेशात इंग्रजी शिकवायला व्हॉलंटियर म्हणून जायचंय, होस्ट फॅमिलीकडे राहणं जमेल का?

जमेल की! मी पुण्याहून नेपाळला गेले होते, पोखऱ्याजवळ एका गावात, आपल्याला तिथे व्हिसा लागत नाही आणि लिपीही देवनागरीच त्यामुळे फळ्यावर इंग्रजी उच्चार लिहिला की पोरं धडाधड वाचायची, फक्त आपला 'ळ' त्यांच्याकडे नाही, माझं आडनाव कुणालाच जमलं नाही 😄 घरी सकाळी नऊलाच डाळभात आणि रात्री परत डाळभात. आमा, म्हणजे घरातली आई, ताट रिकामं दिसलं की वाढायचीच, तेव्हा 'पुग्यो' म्हणजे 'पुरे' हा शब्द आधी शिक. आणि हो, एजन्सी फी घेते त्यातले त्या घराला किती मिळतात ते जायच्या आधीच स्पष्ट विचार, मी लाजले. बाकरवडी मात्र जास्तच ने, माझी दोन दिवसात संपली.