शिंका, नाकाचा स्प्रे आणि न सुटणारे थेंब

प्रश्न : मुलगा सात वर्षांचा. उठल्याबरोबर शिंकांची रांग लागते, नाकातून पाणी गळतं, दिवसभर नाक चोळतो. ताप नसतो. पावसाळ्यात त्रास जास्त. डॉक्टरांनी स्टिरॉइडचा स्प्रे दिला. चार दिवस मारला, फरक नाही. वर नाकातून रक्त आलं म्हणून बंद केला. रक्ताची मोठी ॲलर्जी तपासणी करावी का? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : ताई, हे वर्णन ॲलर्जीच्या सर्दीचं आहे. नाक सतत वर चोळणाऱ्या मुलांच्या नाकावर आडवी रेघ उमटते, डोळ्यांखाली काळसरपणा येतो, तेही पाहा. निदान मुख्यतः अशा लक्षणांवरून होतं. पन्नास-शंभर पदार्थांच्या पॅनेलमागे लागू नका. त्यात काहीबाही पॉझिटिव्ह येतं आणि मुलाचं दही-केळं विनाकारण बंद होतं. नुसत्या शिंकांमागे खाण्याची ॲलर्जी क्वचितच असते. एकूण आयजीई (ॲलर्जीत रक्तात वाढणारं प्रतिपिंड) तर जंतांमुळेही वाढतं. औषधं नीट घेऊनही त्रास राहिला, तर स्किन प्रिक टेस्ट (त्वचेवर थेंब टाकून सुईनं हलकं टोचून करायची ॲलर्जी तपासणी) करावी. त्याआधी साधारण आठवडाभर सेट्रिझिनसारखी ॲलर्जीची औषधं डॉक्टरांना विचारून थांबवावी लागतात, नाहीतर त्वचेवर गांधच उठत नाही.

आता स्प्रे. औषध बरोबर आहे, मारण्याची पद्धत चुकली असावी. हा रोज घ्यायचा फवारा आहे. पूर्ण गुण यायला दोन आठवडे लागतात, चार दिवसांत निकाल लावू नका. रक्त बहुधा नाकाच्या मधल्या पडद्यावर फवारा बसल्याने येतं. बाटली हलवा, नवी असेल तर आधी हवेत मारून घ्या. मुलाला नाक शिंकरू द्या, डोकं किंचित पुढे झुकवायला सांगा. त्यानं स्वतः मारला तर उजव्या नाकपुडीत डाव्या हातानं, डावीत उजव्या हातानं. टोक त्याच बाजूच्या कानाकडे, पडद्यापासून दूर. हलका श्वास घ्यावा, जोरात ओढू नये. ओढला की औषध घशात उतरतं आणि कडू लागतं. फ्लुटिकासोन फ्युरोएट किंवा मोमेटासोन असेल तर या वयात प्रत्येक नाकपुडीत दिवसातून एक फवारा. रक्तात फार थोडं जातं, तरी स्टिरॉइडनं उंचीची वाढ किंचित मंदावू शकते म्हणून वर्षातून एक-दोनदा उंची मोजून घ्या. रक्त पुन्हा आलं तर थांबवून नाक दाखवा.

सकाळच्या शिंकांमागे बहुतेक गादी-उशीतले धुळीतले सूक्ष्म किडे असतात. दमट हवेत ते फोफावतात. चादरी, अभ्रे दर आठवड्याला 60 अंशांच्या पाण्यात धुवा, मऊ खेळणी पलंगावरून काढा, झाडण्याऐवजी ओल्या फडक्यानं पुसा. ओल आलेली भिंतही बघा, तिथली बुरशीसुद्धा त्रास देते.

रात्री खोकला किंवा छातीत घरघर असेल तर दमा तपासायलाच हवा. फक्त एकाच नाकपुडीतून घाण वासाचा स्राव येत असेल तर आत खडू, मणी असं काही अडकलेलं असू शकतं. तेव्हा ॲलर्जीचा विचार नंतर.

प्रश्न : वय 38. चोंदलेलं नाक मोकळं करणारे झायलोमेटाझोलिनचे थेंब चार महिने चालू आहेत. टाकले नाहीत तर झोप येत नाही. (एक वाचक, पुणे)

उत्तर : आता नाक चोंदतंय ते थेंबांमुळेच. हे थेंब तीन ते पाच दिवसांपुरते. पुढे गुण ओसरला की सूज उलट वाढते आणि तुम्ही पुन्हा बाटली उचलता. डॉक्टरांना विचारून वर सांगितलेला स्टिरॉइड स्प्रे सुरू करा (मोठ्यांना प्रत्येक नाकपुडीत दोन फवारे, दिवसातून एकदा), मग थेंब आधी एका नाकपुडीतले बंद करा, ती मोकळी झाली की दुसरीतले. मधले एक-दोन आठवडे जड जातात. तेव्हा मिठाच्या पाण्यानं नाक धुतल्यास बरं वाटतं, पण पाणी उकळून गार केलेलंच घ्या, नळाचं नाही. रक्तदाब असेल तर थेंबांचं डॉक्टरांना नक्की सांगा.

प्रश्न : मॉन्टेलुकास्ट आणि लेव्होसेट्रिझिन या ॲलर्जीच्या औषधांची एकत्र गोळी मुलीला महिनोन्महिने दिली तर चालेल? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : स्वतःहून नको. मॉन्टेलुकास्टमुळे चिडचिड, वाईट स्वप्नं, नैराश्य येऊ शकतं, म्हणून अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेनं मार्च 2020 मध्ये त्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. नुसत्या नाकासाठी ते इतर उपाय थकल्यावरच. वागण्यात बदल दिसला तर लगेच डॉक्टरांना कळवा.