पॉवर सेव्हरच्या डबीत काय असतं?

प्रश्न : ताई, आठवडी बाजारात एकाकडून 'पॉवर सेव्हर' घेतला. सॉकेटात लावून ठेवायचा, बिल तीस टक्के कमी होतं म्हणाला. हिरवा दिवा लागतो. ऑक्टोबरात लावला आणि नोव्हेंबरचं बिल खरंच कमी आलं. मुलगा म्हणतो, बाबा, तुम्हाला गंडवलं. खरं कोणाचं? – एक वाचक, जत

उत्तर : मुलाचं. ऑक्टोबरात उकाड्याने जीव नकोसा होतो, रात्रभर पंखे चालतात. दिवाळी झाली की पंखे आपोआप बंद होतात. शेजाऱ्यांचं नोव्हेंबरचं बिल बघा, डबी न लावता तेही उतरलेलं असेल.

अशीच एक डबी आमच्या शेजारणीने मला आणून दिली होती. आयटीआयमध्ये वायरमनच्या पोरांना शिकवण्यात जन्म गेला, त्यामुळे बंद डबी दिसली की माझा हात पेचकसाकडे जातोच. चार स्क्रू काढले. आत एक काळा चौकोनी कपॅसिटर, त्याला टेकून दोन रेझिस्टर, चार डायोड आणि तो हिरवा दिवा. बस्स. दिव्याचं काम एवढंच, की आत काहीतरी घडतंय असं बघणाऱ्याला वाटावं.

कपॅसिटर ही वाईट वस्तू नव्हे. मोटर चालताना ती लाइनमधून थोडा जादा करंट ओढते आणि तसाच परत सोडते. तो करंट पाणी उपसत नाही की पातं फिरवत नाही, नुसत्या वायरी तापवतो. मोटरीजवळ कपॅसिटर बसवला की ही ये-जा तिथल्या तिथे भागते. कारखान्याच्या बिलात पॉवर फॅक्टरचा, म्हणजे ओढलेल्या करंटपैकी किती कामी आला याचा, हिशोब असतो, म्हणून त्यांना त्याचा पैशांत फायदा होतो. घरच्या बिलात आपण पैसे भरतो ते फक्त काम करणाऱ्या विजेचे. त्यामुळे डबी लावा नाहीतर काढा, युनिट तेवढेच पडणार.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, मीटरला विचारा. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकत असतो आणि शेजारी किती लुकलुकींना एक युनिट हे छापलेलं असतं. समजा 3200 लिहिलंय. घरातलं सगळं बंद करून जुना 75 वॉटचा एकच पंखा फुल्ल स्पीडवर लावा आणि घड्याळ धरून मोजा. मिनिटाला चार वेळा दिवा लागेल. आता डबी लावा आणि पुन्हा मोजा. चारच. असंच एकेक करून फ्रिज, टीव्ही मोजता येतो. सेट-टॉप बॉक्स रिमोटने बंद केल्यावर तर आवर्जून मोजा. रात्रभर झोपलेला दिसतो, पण बऱ्याच बॉक्सना तेव्हाही दहाएक वॉट लागतात, म्हणजे दिवसरात्र तसाच राहिला तर महिन्याला सात युनिट. त्याचं बटण भिंतीवरूनच बंद करा.

जतचे आहात म्हणून विचारते, विहिरीवर मोटर आहे ना? तिथे मात्र योग्य मापाचा कपॅसिटर जरूर लावा. लाइनमधला करंट उतरतो, व्होल्टेज सावरतं. एका डीपीवरच्या (ट्रान्सफॉर्मरवरच्या) सगळ्यांनी लावला तर डीपी जळायची पाळी कमी येते. आणि ऑटो स्विच काढून टाका. लाइट आल्या आल्या साऱ्या शिवारातल्या मोटरी एकदम उठल्या तर डीपीने काय करावं? बाजारातली डबी घेण्यापेक्षा ते पैसे तिथे घाला.

प्रश्न : घरात चार जुने पंखे आहेत. बीएलडीसी (ब्रशलेस डीसी मोटरचे) पंखे घ्यावेत असं नवरा म्हणतो, सासूबाई म्हणतात चालतं ते कशाला काढायचं. खरंच निम्मी वीज लागते का? – एक वाचक, पुणे

उत्तर : निम्म्याहून कमी. साधा पंखा फुल्ल स्पीडला 70 ते 75 वॉट घेतो, बीएलडीसी 28 ते 35. फरक आहे तो रोटरचा. साध्या पंख्यात रोटरमध्ये करंट उत्पन्न करून तो फिरवावा लागतो आणि त्यात बरीच वीज उष्णता होऊन जाते. हाताने बघा, तासभर चाललेल्या जुन्या पंख्याचा मधला भाग चांगलाच गरम लागतो. (बटण बंद करून, पाती थांबल्यावर, बाई!) बीएलडीसीत कायमचे चुंबक असतात आणि कोणत्या कॉइलला केव्हा वीज द्यायची ते सर्किट ठरवतं.

आता हिशोब. 45 वॉट वाचले आणि पंखा रोज बारा तास चालला तर महिन्याला सोळाएक युनिट वाचतात. सगळे आकार धरून युनिटला दहा रुपये पडत असतील तर 160 रुपये. पंखा 2,800 चा असला तर दीडेक वर्ष वापरात पैसे फिटले. पण हे ज्या खोलीत रात्रभर पंखा चालतो तिथलं गणित. पाहुण्यांच्या खोलीत वर्षातून पंधरवडाभर फिरणारा पंखा बदलून काय मिळवणार? दोन बदला, दोन राहू द्या. म्हणजे सासूबाईंचंही राहील आणि नवऱ्याचंही.

दुकानदार सांगणार नाही अशा दोन गोष्टी. बहुतेक बीएलडीसी पंख्यांना भिंतीवरचा रेग्युलेटर चालत नाही, तो काढून वायर थेट जोडून घ्यावी लागते. मग स्पीड रिमोटवर, आणि रिमोट उशीखाली. सासूबाईंच्या खोलीसाठी बटणांवर स्पीड बदलणारं मॉडेल मागा. दुसरं म्हणजे दुरुस्ती. साधा पंखा मंदावला तर कोपऱ्यावरचा माणूस कपॅसिटर किंवा बेअरिंग बदलून देतो. बीएलडीसीचं सर्किट गेलं की तो हात वर करतो. म्हणून वॉरंटीची वर्षं आधी विचारा आणि बिल जपून ठेवा. 1 जानेवारी 2023 पासून छताच्या पंख्यांना स्टार लेबल सक्तीचं आहे, तेव्हा लेबल नसलेला नवा पंखा कोणी गळ्यात मारला तर घेऊ नका.

प्रश्न : 100 युनिटच्या वर एक जरी युनिट गेला तरी सगळं बिल वरच्या दराने लागतं, हे खरं का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही. महावितरणच्या घरगुती बिलात पहिले 100 पहिल्या दरानेच राहतात, वरचा दर फक्त वरच्या युनिटांना. म्हणून शंभरीच्या धास्तीने महिनाअखेरीस अंधारात बसू नका. वाचवलेला प्रत्येक युनिट मात्र तुमच्या सगळ्यात महागड्या स्लॅबमधला असतो, हेही तितकंच खरं.

प्रश्न : आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो. कूलर आहे, पण मुलं एसी घ्या म्हणतात. एसीने किती फरक पडेल? – एक वाचक, अकोला

उत्तर : तुमच्या कोरड्या उन्हाळ्यात कूलरसारखी यंत्रं थोडी. एक लिटर पाणी हवेत विरताना साधारण 0.67 युनिट इतकी उष्णता ओढून घेतं. तासाला आठ लिटर पाणी आटलं तर दीड टनी एसी जेवढी उष्णता काढतो तेवढी काढली गेली. त्यासाठी कूलरचा पंखा आणि पंप मिळून दोनशेएक वॉट. एसीला कॉम्प्रेसर पूर्ण जोरात असताना दीड हजाराच्या घरात लागतात.

तरी घरोघरी कूलर 'घाम आणतो' म्हणून बदनाम आहे. कारण लोक दारं-खिडक्या गच्च लावून बसतात. ओली हवा जायला वाट हवी. कूलर खिडकीबाहेर, आणि समोरची खिडकी वीतभर उघडी. वाळ्याच्या ताट्या किंवा पॅड सगळीकडून सारखे भिजतात का ते बघा. एक कोपरा कोरडा राहिला तर गरम हवा बरोबर तिथूनच आत शिरते. दमट हवेत पाणी विरतच नाही, त्यामुळे पाऊस सुरू झाला की पंप बंद करून नुसता पंखा चालवा. रत्नागिरीच्या पाहुण्यांना कूलर सुचवू नका, त्यांचा मे महिनाच दमट असतो.

अडचण विजेची नाही, पाण्याची आहे. आठ-दहा दिवसांनी नळ येत असेल तर कूलरला रोज पन्नास-साठ लिटर कुठून आणणार? असं असेल तर इन्व्हर्टर एसी घ्या, 26 वर लावा आणि छताचा पंखा मंद ठेवा. 18 वर लावून खोली लवकर थंड होत नाही. यंत्र बंद व्हायचं नाव घेत नाही, एवढंच होतं.

प्रश्न : गिझर दिवसभर चालू ठेवला तर सारखं सारखं तापवावं लागत नाही म्हणून वीज वाचते म्हणे. आणि जुना तांब्याचा बंब मोडीत घालावा का? – एक वाचक, गुहागर

उत्तर : तापलेली टाकी चोवीस तास निवत राहते, आणि निवली की पुन्हा तापते. तो खर्च तुमचाच. पंधरा लिटर पाणी 25 अंशांवरून 60 पर्यंत न्यायला 0.6 युनिट लागतं, दोन किलोवॉटच्या गिझरला वीसेक मिनिटं. आंघोळीआधी लावा, झाली की बंद करा. हीट पंप नावाचे नवे गिझर हवेतली ऊब ओढून पाणी तापवतात, त्यांना साधारण एक तृतीयांश वीज लागते. पण किंमत बघता ते लॉजवाल्यांना परवडतात, दोघांच्या घराला नाही.

बंब ठेवा हो! दारात माड असतील तर सोडणं, झावळ्या, करवंट्यांना तोटा नाही. फक्त तो न्हाणीघरातून मागच्या पडवीत काढा, धूर कोंडत नाही तिथे. आणि मोडीवाला सांगेल तो भाव ऐकून घ्या, पण बंब त्याच्या हातात देऊ नका.