कोल्हापूरला घरी तांबडा-पांढरा रस्सा आहे, पाहुण्यांना सोबत कोणती वाईन द्यावी?

नाशिककडची, किंचित गोडसर शेनिन ब्लां (ही एक व्हाइट वाईन) घ्या आणि चांगली गार करून द्या. ‘मटण म्हणजे रेड’ हा नियम तांबड्या रश्श्यापुढे चालत नाही. मिरचीतल्या कॅप्सेसिनची आग अल्कोहोलने वाढते आणि रेडमधल्या टॅनिनने तोंड आणखी कोरडं, तुरट होतं. थोडी साखर आणि गारवा मात्र ती आग शमवतात. म्हणून लेबलवर अल्कोहोल १२-१२.५ टक्क्यांच्या आसपास आहे का ते बघा, १४ टक्क्यांची बाटली नको. नारळाच्या दुधातल्या पांढऱ्या रश्श्यालाही हीच वाईन जमते, दोन बाटल्यांचा घाट घालायची गरज नाही.

बाटली दोन-तीन तास फ्रिजमध्ये ठेवा (८-१० अंश पुरे), ग्लास एक तृतीयांशच भरा. बर्फ घालू नका, पाणचट होते.

रेडच हवी असा कुणाचा हट्ट असेल, तर हलकी शिराझ फक्त सुक्या मटणाबरोबर द्या, तीही अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून. ‘रूम टेंपरेचर’ म्हणजे १६-१८ अंश, आपल्याकडच्या एप्रिलमधली खोली नव्हे.

एक अट: शेनिन ब्लां अगदी ड्राय, म्हणजे गोडवा नसलेल्या प्रकारातही मिळते, त्यामुळे दुकानात गोडसर आहे ना, हे विचारूनच घ्या.