लॉगिन फक्त माझ्याकडेच, मग भीती कसली?

प्रश्न: कोथरूडला आमचे क्लासेस आहेत. वेबसाइट आणि मुलांचे मार्क्स स्वस्तातल्या व्हीपीएसवर (मोठ्या सर्व्हरचा भाड्याने घेतलेला हिस्सा) ठेवलेत. लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टमच्या गाभ्यात, होल (सुरक्षेतली फट) सापडलं अशा बातम्या येतात तेव्हा होस्टिंगवाला म्हणतो, "सर, ते लोकल आहे, आधी लॉगिन लागतं, टेन्शन घेऊ नका." लॉगिन तर माझ्याकडेच आहे. मग सोडून देऊ ना?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर: नका सोडू. अहो, तुमची वेबसाइट चालवणारं पीएचपी पण सर्व्हरवर कुठल्यातरी युजरच्या नावानेच चालतं ना, मग वर्डप्रेसच्या एखाद्या जुनाट प्लगइनमधून कोणी घुसला की तो त्याच युजरच्या नावाने कमांड मारायला लागतो, म्हणजे पासवर्ड न लागता झाला की लोकल! तिथून रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेला युजर, व्हायला त्याला ते "लोकल" होलच हवं असतं. 2022 चं डर्टी पाइप नावाचं कर्नलमधलं होल बघा, फाइल नुसती वाचायची परवानगी असली तरी मेमरीतल्या तिच्या कॉपीवर लिहिता यायचं, त्यातून युजर्सच्या यादीतला रूटचा पासवर्डच उडवून दाखवला लोकांनी. आणि डर्टी काऊ तर 2007 पासून कर्नलमध्ये होतं, बुजवलं 2016 ला.

आता मेन गोष्ट. सर्व्हरवर systemd-detect-virt ही कमांड मारा. उत्तर केव्हीएम (kvm, म्हणजे तुमच्यापुरता वेगळा व्हर्च्युअल कॉम्प्युटर) आलं तर कर्नल तुमचा स्वतःचा, अपडेट तुम्हीच करायचं आणि मग रिबूटही, कारण तोवर जुनाच कर्नल चालू राहतो (हे निम्मे लोक विसरतात). ओपनव्हीझेड (openvz) किंवा एलएक्ससी (lxc) आलं तर तो कंटेनर, म्हणजे एकाच सिस्टममध्ये पाडलेला कप्पा, तिथे मात्र सगळ्या गिऱ्हाइकांना मिळून एकच कर्नल, म्हणजे पेठेतल्या वाड्यासारखं, तुम्ही आपली खोली कितीही रंगवा, कौलं मालकानेच चाळायची. त्यात शेजारच्या गिऱ्हाइकाच्या साइटमधून कोणी शिरला आणि कर्नलमधल्या होलमधून कंटेनरबाहेर पडला, तर तुमचे मार्क्सही त्याच्या हातात, तुमची काही चूक नसताना.

केव्हीएम म्हणजे अभेद्य असंही नाही हं, 2015 ला व्हेनम नावाचं होल निघालं ते व्हर्च्युअल फ्लॉपी ड्राइव्हच्या कोडमध्ये, फ्लॉपी! पण असली होल्स त्यामानाने कमी निघतात.

कंटेनर निघाला तर होस्टिंगवाल्याला ईमेलवर लेखी विचारा की होस्टचा कर्नल कुठला आणि शेवटचा रिबूट कधी केला. उडवाउडवी केली तर केव्हीएमवाला प्लॅन घ्या, थोडे जास्त पैसे पडले तरी. प्लगइन्स मात्र आजच अपडेट करा, नको असलेली काढूनच टाका.