वाचकांचे प्रश्न : औषधाला दाद न देणारे जंतू आणि प्लाझ्मिड

प्रश्न (निपाणी) : सासूबाईंना लघवीला जळजळ आणि ताप होता. घरात उरलेली अँटिबायोटिकची गोळी दोन दिवस दिली, गुण आला नाही. आता कल्चर रिपोर्टवर 'ई. कोलाय, ईएसबीएल पॉझिटिव्ह' आलंय आणि बऱ्याच औषधांपुढे 'आर' (रेझिस्टंट, म्हणजे दाद न देणारा) आहे. एकाच जंतूला इतकी औषधं एकदम लागू पडेनाशी कशी होतात?

उत्तर : त्या जंतूने एकेक औषधाशी वेगळी झुंज दिलेली नसते, बहुतेकदा सगळा संच त्याला आयता मिळालेला असतो. जंतूच्या मुख्य गुणसूत्राखेरीज त्याच्या पेशीत डीएनएचं छोटं, बहुधा गोल कडं असू शकतं. ते प्लाझ्मिड. ते आपल्या प्रती स्वतंत्रपणे काढतं. सेफोटॅक्झिमसारखी औषधं तोडणाऱ्या ईएसबीएल या विकराचं (एन्झाइमचं) जनुक सहसा याच कड्यावर असतं आणि त्याच्याच शेजारी जेंटामायसिन, को-ट्रायमॉक्झॅझोल निकामी करणारी जनुकंही अनेकदा बसलेली असतात. म्हणून यातलं कुठलंही एक औषध घेतलं, तरी तगतो तो अख्खा संच बाळगणारा जंतू.

हा संच हातोहात फिरतो. देणारा जंतू पायलस नावाच्या बारीक तंतूने दुसऱ्याला जवळ ओढतो, प्लाझ्मिडच्या डीएनएच्या दोन धाग्यांपैकी एक पलीकडे जातो आणि दोघेही आपापली जोडी पूर्ण करतात. देणाऱ्याचं काहीच कमी होत नाही. आतड्यातल्या निरुपद्रवी ई. कोलायकडूनही रोगजंतूला तो मिळू शकतो. उरलीसुरली गोळी देऊ नका असं आम्ही वारंवार लिहितो, ते याचसाठी.

लॅबमध्ये जंतू पसरलेल्या थाळीत सेफोटॅक्झिमची एक चकती आणि सेफोटॅक्झिम-क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडची (हे ॲसिड ईएसबीएलला रोखतं) दुसरी चकती ठेवतात. दुसरीभोवती जंतू न वाढलेलं वर्तुळ पहिलीपेक्षा 5 मिमी किंवा जास्त मोठं आलं, तर ईएसबीएल. मात्र नमुना बिघडला तर रिपोर्टही फसतो. पुढच्या वेळी अँटिबायोटिकचा पहिला डोस देण्याआधी, जागा पाण्याने धुऊन, मधल्या धारेची लघवी निर्जंतुक डबीत घ्या. 2 तासांत पोहोचवा, जमत नसेल तर फ्रीजमध्ये ठेवून 24 तासांच्या आत. बाहेर राहिली की जंतू वाढतात आणि आकडा फुगतो. सासूबाईंना ताप आहे, तेव्हा रिपोर्ट घेऊन आजच डॉक्टरांकडे जा. 'एस' (सेन्सिटिव्ह, म्हणजे लागू पडणारं) लिहिलेल्यांपैकी कोणतं औषध द्यायचं ते त्यांनाच ठरवू द्या.

प्रश्न (खानापूर तालुका) : म्हशींना फाशीची लस द्यायची आहे. तिच्यात जिवंत जंतू असतात म्हणे. मग तिनेच रोग होणार नाही का?

उत्तर : फाशीच्या, म्हणजे अँथ्रॅक्सच्या जंतूचा सगळा जोर दोन प्लाझ्मिडांवर आहे. पीएक्सओ1 वर विषाची जनुकं, पीएक्सओ2 वर जंतूभोवतीच्या कवचाची. कवच नसलं तर जनावराच्या पांढऱ्या पेशी जंतूला गिळून टाकतात. दक्षिण आफ्रिकेत मॅक्स स्टर्न यांनी 1930 च्या दशकात मिळवलेल्या, आजही लसीत वापरल्या जाणाऱ्या वाणात पीएक्सओ2 नाही. विष थोडं बनतं, त्याच्याविरुद्ध शरीर तयार होतं, पण जंतू माजत नाही.

लस जिवंत असल्यामुळे एक पथ्य कडक पाळा : लस टोचण्याच्या सुमारास पेनिसिलिन किंवा टेट्रासायक्लिन नको. औषध लसीतले जंतूच मारतं आणि लस वाया जाते. रोग दिसण्याची वाट न पाहता लस आधीच टोचून घ्या. संरक्षण यायला आठवडाभर तरी लागतो. एखादं जनावर अचानक मेलं, नाकातोंडातून काळसर न गोठणारं रक्त आलं, तर ते फाडू नका, चामडं काढू नका. हवा लागली की जंतू बीजाणू (सुप्त, चिवट रूप) बनतात आणि ते मातीत अनेक वर्षं टिकतात. आधी सरकारी पशुवैद्यकांना कळवा.

प्रश्न (बेळगाव, डीएमएलटी विद्यार्थिनी) : टीबीची औषधं लागू न पडण्यामागेही प्लाझ्मिडच का?

उत्तर : नाही. क्षयाच्या जंतूत हा प्रतिकार गुणसूत्रातल्या बदलांतून येतो. रिफॅम्पिसिनसाठी मुख्यतः आरपीओबी, आयसोनियाझिडसाठी बहुधा केएटीजी जनुकात. तो जंतूकडून जंतूकडे उडी मारत नाही. अर्धवट उपचारात बदललेले जंतूच वाढतात आणि खोकल्यातून दुसऱ्या माणसाकडे जातात.