ज्वारीला ऊन ‘दाखवणे’

सोलापूरच्या एका वाचक ताईंनी विचारलंय : “सासूबाई दर वैशाखात म्हणतात, ‘ज्वारीला ऊन दाखवून घे, नाहीतर सोंडे होतील.’ ‘वाळत घाल’ असं का म्हणत नाहीत? हे हिंदीतल्या ‘धूप दिखाना’वरून आलंय का?”

हिंदीत ‘धूप दिखाना’ आहे खरं, पण मराठीला ते उसनं आणायची गरज नव्हती. आपण पापडाला विस्तव दाखवतो, घाईच्या दिवशी तांदळाला नुसतं पाणी दाखवून कुकर लावतो, पेटीतल्या भरजरी साड्यांनाही ऊन दाखवतो. या ‘दाखवण्या’त काम थोडक्यात उरकतं. वाळवायचं म्हणजे ओल जाईपर्यंत थांबणं आलं. म्हणून कुरडया वाळवतात, डाळीसाठी भिजवलेली तूर वाळवतात. मालदांडी ज्वारीची मळणी होते तीच मुळी कणसं वाळल्यावर. घरी कोरड्या आलेल्या धान्याला आणखी वाळवायचं काय?

तिला हवी असते ती धग, आणि तीही सोंड्यांपायी. सोंड्याची मादी दाण्याला बारीक भोक पाडून आत अंडं घालते नि भोक चिकट स्रावाने बुजवून टाकते. अळी, कोष, सगळं दाण्याच्या पोटात. (आपण ‘ज्वारी किडली’ म्हणतो, जणू किडणं हा ज्वारीचाच गुण. तो प्रयोग यातूनच आला असावा असा माझा कयास.) २८-३० अंशांच्या दमट हवेत अंड्यापासून किडा व्हायला साधारण महिना पुरतो. १८ अंशांच्या आसपास त्यालाच तीनेक महिने लागतात आणि १५ च्या खाली वाढ जवळजवळ थांबते. किडा मरत मात्र नाही. वरच्या बाजूला ३५ नंतर वाढ खुंटते, आणि दाणाच ५० च्या पुढे तापला की आतली अळीही फार वेळ तग धरत नाही. सोलापुरात मे महिन्यात ४२ अंश म्हणतात तो पारा सावलीतला; गच्चीवर पसरलेला दाणा त्याहून बराच तापतो. पुढे मृग लागला की हवा नेमकी सोंड्यांच्या सोयीची होते. सासूबाईंचा वैशाखाचा मुहूर्त बरोबर आहे.

फक्त ‘दाखवणे’ फार शब्दशः घेऊ नये. ताडपत्रीवर ढीग ओतून तासाभराने गोळा केला तर वरचा थर तापतो, खालचा थंडच राहतो, आणि पाय असलेले सोंडे तिकडे सरकतात. ज्वारी पातळ पसरावी, मधूनमधून हात फिरवावा, भर दुपार जाऊ द्यावी. नंतर कोठीत भरण्याआधी ती निववावी. गरम धान्य झाकलं तर झाकणाला आतून घाम सुटतो, आणि ती ओल दाण्यांत परत मुरते. ‘निववणे’ हे क्रियापद आता दुधाखेरीज कुठे फारसं ऐकू येत नाही. ताईंच्या घरी वापरात असेल तर जरूर कळवावं.